चार दिवस लाकडं

३१ ऑगस्ट, शनिवार

प्यायले.

लिहून टाकलं. इथे तरी खोटं नको.

काल, प्रिन्स अल्बर्ट शहरात, प्रशिक्षण संपल्यावर. दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं — दारू सोडणाऱ्या बायकांना साथ देणाऱ्या बायकांचं. म्हणजे माझ्यासारख्यांचं! आणि कालचा विषय काय, तर 'पाय घसरला तर'. मी पहिल्या रांगेत. हात वर करकरून बोलत होते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, नोरीन, तुमच्यासारख्या अनुभवी साथिणी सगळीकडे हव्यात. टाळ्या झाल्या. प्रमाणपत्र मिळालं, प्लास्टिकमध्ये घालून. ते काखेत धरून मोटेलकडे चालत निघाले, वाटेत दुकान होतं. बस्.

काही झालं नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं, पोरीचा फोनही चांगला झाला होता. कुणी विचारलं ना, काय झालं गं असं, तर सांगायला काही नाही. कारण असतं तर बरं झालं असतं.

व्होडकाची चपटी. अर्धी प्यायले, खोलीतल्या पलंगावर बसून, बूटसुद्धा काढले नाहीत. टीव्हीवर एक बाई केक करत होती. दिवस मावळायच्या आत झोपले.

चार वर्षं व्हायला तेरा दिवस कमी होते. तेरा!

सकाळी उरलेली ओतून टाकायला बेसिनपाशी गेले. झाकण काढलं, वास आला, झाकण लावून परत आले. मोज्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. का ठेवली ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

डेल्फीन ट्रक घेऊन न्यायला आली. माझी मावसबहीण, जिभेला हाड नाही. "आली गं आमची मास्तरीण! बघू तो कागद. अगंबाई, शिक्कासुद्धा! आता आम्ही तुझ्याशी बोलायचं कसं, अर्ज करून?" मी हसले. पिशवी पायांत घट्ट धरलेली. खड्ड्यातून ट्रक उडाला की माझा जीव उडत होता, काच वाजेल म्हणून.

चार तासांचा रस्ता. ती बोलत होती, मी खिडकीतून बघत होते. पॉप्लर पिवळे पडायला लागलेत. तिच्या भावाने मूस हरीण मारलंय, मोठा नर, घोड्याहून उंच. मांस वाटून झालं. कातडं भिजत पडलंय, उद्या आपण तळ्यावर जातोय ते कमवायला. "एवढं मोठं कातडं मी जन्मात पाहिलं नाही. आणि ते तुझं आहे, समजलं ना?"

समजलं होतं. आमच्या वस्तीत दरवर्षी सप्टेंबरात बायका मिळून एक कातडं कमावतात — पिणं सोडलेल्या बायका, सोडू बघणाऱ्या बायका. ज्या बाईला त्या वर्षी चार वर्षं पुरी होतात, तिला ते अख्खं मिळतं. शेवटच्या दिवशी जेवणावळीत वस्तीतली वडीलधारी फिलोमिन आजी ते स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यावर घालते. डेल्फीनला मिळालं तेव्हा तिने त्याचे जोडे शिवले, मणी लावून, आणि ती ते घालून दुकानात बटाटे आणायलासुद्धा जाते.

मी म्हटलं, अजून अकरा दिवस आहेत गं.

"अकरा दिवसांत काय होतंय!"

२ सप्टेंबर, सोमवार

तंबू लागले. आम्ही सात जणी. तळं शांत आहे, बदकं जायच्या तयारीला लागलीत.

नियम मला पाठ आहे. नव्या पोरींना मीच सांगते, आजही सांगितला. टॅनिसला. बावीस वर्षांची आहे, सोडून पाच आठवडे झालेत, हात थरथरतात म्हणून बाह्या खाली ओढून ठेवते. तिला म्हटलं — हे बघ, इथे कुणी कुणाला विचारत नाही. पण प्यालेल्या हाताने कातड्याला शिवायचं नाही, चार दिवस. त्या जनावराने जीव दिलाय, त्याचा मान असतो. पाय घसरला तर सकाळी उठून एवढंच म्हणायचं, 'आज लाकडं माझ्याकडे.' कुऱ्हाड घ्यायची, चार दिवस लाकडं फोडायची, विस्तव सांभाळायचा. पाचव्या दिवशी येऊन बसायचं कामाला. कुणी काही बोलणार नाही.

"आणि त्या चार दिवसांत एकटंच बसायचं?"

"नाही गं! मी येते ना. दोन कप चहा घेऊन. साथिणीचं काम म्हणजे तेवढंच, बाकी सगळं कागदावर."

केवढ्या ठसक्यात बोलले मी! बोलताना माझं मलाच पटत होतं.

मग सगळ्या कातड्याभोवती उभ्या राहिलो. आजीने रोजचा प्रश्न विचारला, "लाकडं कुणाकडे?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. शुक्रवारी प्यायले, आज सोमवार, अजून दोन दिवस मला कातड्याला हात लावायचा नाही. टॅनिसने माझी बाही धरली होती. हळूच म्हणाली, "तू आहेस म्हणून आले मी. नाहीतर आले नसते."

मी तोंड मिटलं. कुणीच बोललं नाही म्हणून आजी म्हणाली, मग पाळीपाळीने. मी हाडाची रापी उचलली आणि खरवडायला बसले. पहिला हात माझा.

बाटली धुराच्या लाकडाच्या पोत्यात खुपसून ठेवलीय, अगदी तळाशी. ते कुजकं स्प्रूस शेवटच्या दिवशी लागतं, कातड्याला धुरी देताना. तोवर त्या पोत्याकडे कोण बघतंय?

३ सप्टेंबर, मंगळवार

आजीने विचारलं, लाकडं कुणाकडे? मला नेमकी शिंक आली. सगळ्या हसल्या. मीही.

५ सप्टेंबर, गुरुवार

केस सगळे निघाले. तीन दिवस पाठ मोडून खरवडलं. आज मेंदू शिजवून त्याची पेज केली, साबण घातला आणि कातड्याला चोळली, दोन्ही बाजूंनी, कोपरापर्यंत हात घालून. डेल्फीन टॅनिसला म्हणत होती, "प्रत्येक जनावराच्या डोक्यात त्याचं कातडं कमवण्यापुरता मेंदू असतो. माणसांचं मात्र सांगवत नाही. माझा नवरा बघ." टॅनिस पहिल्यांदा मोठ्याने हसली. पोर हसली की फार लहान दिसते.

माझे चार दिवस उलटून गेले तसे. मंगळवारीच. मोजायचं तर आता मी शिवू शकते कातड्याला. पण ते लाकडं फोडून काढलेले दिवस नव्हते, चोरलेले होते.

जेवताना आजीने विचारलं, "पाच तारीख ना आज?" कुणीतरी हो म्हणालं. बॅनक रोटी तशीच ताटात ठेवून ती उठली.

संध्याकाळी मी भांडी घासत होते तर तंबूच्या दारातून हाक आली. "नोरीन, बसतेस का जरा माझ्यापाशी?" म्हटलं, झालं! कळलं हिला. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण नाक कोल्ह्याचं. "येते गं आजी, पाणी घेऊन येते आधी." बादली उचलली आणि तळ्यावर गेले. बादली भरायला किती वेळ लागतो? मी अंधार पडायला येईस्तोवर दगडावर बसून राहिले. परत आले तेव्हा ती तंबूत नव्हती. बरं वाटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी आम्ही चहा घेऊन उभ्या होतो. आजी आली ती हातमोजे घालूनच. नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. सरळ ओंडक्यात रुतलेली कुऱ्हाड उपसली आणि म्हणाली, "आज लाकडं माझ्याकडे."

डेल्फीनचा चहा तिच्याच जोड्यांवर सांडला.

फिलोमिन आजी! एकतीस वर्षं थेंब नाही. तिची पोर लूसिल शहरात गेली ती परत आलीच नाही, सापडलीच नाही — तेव्हा दोन वर्षं प्यायली म्हणे, घर विकून प्यायली. मग एके सकाळी उठून एकटीच लाकडं फोडत बसली, चार दिवस, बर्फात. तिथूनच हा नियम आला. त्या बाईच्या तोंडून हे वाक्य!

"काय बघताय? पेज थंड होतेय," म्हणाली आणि गेली लाकडांकडे.

दिवसभर कातडं पिळलं. दांडा घालून पीळ द्यायचा, दोघींनी दोन बाजूंनी. डेल्फीन फक्त एकदा म्हणाली, "या वयात. मला वाटलं होतं एक तरी माणूस..." आणि मग तिने इतक्या जोरात पीळ दिला की दांडा माझ्या हातातून सुटला.

दुपारी कुणी नाही बघून धुराच्या पोत्यात हात घातला.

बाटली नाही.

पोतं उपडं केलं. नाही. मोजा होता. रिकामा.

आता कळतंय सगळं! धुराचं लाकूड तीच निवडते दरवर्षी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चाळायला गेली, हाताला बाटली लागली. मोजा ओळखला असणार, तिनेच तर विणून दिला होता. काल मला बोलावलं ते त्यासाठी. मी पळाले. मग तिने बाटली फेकली तळ्यात आणि सकाळी माझी लाकडं आपल्या डोक्यावर घेतली!

आधी रागच आला. कुणी सांगितलं होतं हिला? मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उठून सांगायचं होतं तिथल्या तिथे. उठले पण. पाय लाकडांकडे न जाता तंबूत गेले. आत बसून हे लिहितेय.

७ सप्टेंबर, शनिवार

आजीचा दुसरा दिवस. लाकडं फोडायला ताकद नाही तिच्यात, बारक्या ढलप्या काढते, मग ओंडक्यावर बसून राहते.

टॅनिसने विचारलं, "चहा नेणार ना तू तिला? ते साथिणीचं काम आहे म्हणालीस."

मी म्हटलं, "आजीला एकटं राहायचंय."

"तिने सांगितलं तसं?"

"मला कळतं."

"मग मी नेऊ?"

"नको. नव्या माणसाने नाही जायचं." असा काही नियम नाही! तोंडाला आलं ते ठोकून दिलं. तिने मान हलवली, माझं ऐकतेच ती. आणि माझ्या शब्दाखातर बाकीच्याही गेल्या नाहीत. साथीण म्हणतेय म्हणजे तसंच असेल.

कशी जाऊ मी? दोन कप घेऊन तिच्यासमोर जाऊन बसू? ती माझ्याकडे बघेल. नुसतं बघेल, आणि मी तिथेच मोडून पडेन. ती वाट बघतेय मी कबूल होण्याची, हे स्पष्ट दिसतंय. दुपारी दोनदा मान वर करून तंबूंकडे बघितलं तिने. माझ्याकडेच.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मला सगळीकडे तिचे डोळे दिसतात.

झोपायच्या आधी टॅनिस म्हणाली, "मला वाटलं होतं ती पडली तर मी घाबरेन. एकतीस वर्षांनी पडतं माणूस, तर माझं काय! पण नाही घाबरले. कसं सगळ्यांसमोर म्हणाली ना? मला तर घरच्यांसमोर तोंड उघडत नाही."

मी कूस बदलली.

८ सप्टेंबर, रविवार

भोक पाडलं.

चौकटीवर ताणून बांधलेलं कातडं, मऊ करायला घासत होते. मानेपाशी पातळ असतं, तिथे हलका हात लागतो, नवशिकीलासुद्धा माहीत असतं. माझं लक्ष लाकडांकडे. सर्रकन् आवाज आला आणि रापी आरपार. हाताचा तळवा जाईल एवढं!

कातडं मला ओळखून आहे. माझ्या हातचं नकोय त्याला.

ओलं आहे तोवर शिवायला लागतं, नाहीतर ताणात फाटत जातं. भोकं शिवावीत ती आजीनेच, तिचा टाका बोटाला लागत नाही. पण तिचा तिसरा दिवस, ती शिवू शकत नाही. सगळ्या माझ्याकडे बघतायत. म्हणून मीच बसले सुई घेऊन. तिकडे लाकडांपाशी आजीचा ओरडा सुरू — "बारीक घाल टाका! बारीक! पोतं शिवतेयस का गं?" डेल्फीनला हसू आवरेना, मग तिला आठवलं की आपण आजीवर रागावलोय, आणि तिने तोंड फिरवलं.

"कडा वर घे. वर! हां. आता ओढ. बाई, तुझ्या आजीने बघितलं असतं हे तर कबरीतून उठून आली असती." अर्धा तास ती ओरडत होती आणि मी शिवत होते. मध्ये वीस पावलांचं अंतर. एक पाऊल तिने पुढे टाकलं नाही.

शिवून झालं. गाठ ओबडधोबड आली, पण धरलंय.

"चालेल," आजी म्हणाली. "भोक नसलेलं कातडं मी बघितलं नाही अजून."

रडू आलं. धूर गेला डोळ्यांत म्हणून सांगितलं. लाकडं ओली आहेत म्हटलं! म्हणजे तिथेही तिच्यावरच ढकललं.

९ सप्टेंबर, सोमवार

हे लिहायलाच हवं. आज मी गप्प बसले, ते गेल्या दहा दिवसांतलं सगळ्यांत वाईट गप्प बसणं.

दुपारी डेल्फीनने सगळ्यांना एका बाजूला बोलावलं. आजी सोडून. म्हणाली, यंदा नोरीनला चामडं आजीच्या हातून द्यायचं नाही. चार वर्षं तोंड बांधून काढलेल्या बाईच्या खांद्यावर चार दिवसांपूर्वी प्यालेला हात? शोभत नाही. वस्तीच्या दवाखान्यातल्या ताईला सांगू, पुढल्या वर्षापासून दुसरी कुणी वडीलधारी बघा.

मला वाटलं होतं ती तिखटपणाने बोलेल. नाही. डोळे भरलेले. "तिने मला दिलं तेव्हा कानात म्हणाली होती, आता तू माझ्यामागे नाहीस, माझ्या बरोबरीने चालतेस. ते जोडे घालवत नाहीत गं आता मला." पायांत रबरी बूट होते तिच्या. चार दिवस मी बघितलंसुद्धा नव्हतं.

मग माझ्याकडे वळली. "तू बोल. मान तुझा आहे."

मी काय म्हटलं? "तुम्हाला योग्य वाटेल ते."

तुम्हाला योग्य वाटेल ते! चार वर्षं कुणाची, प्यालेला हात कुणाचा, आणि मान मोडला कुणाचा!

त्यांनी ठरवलं. डेल्फीनच जाऊन आजीला सांगून आली. आजी म्हणाली म्हणे, "बरोबर आहे तुमचं." एवढंच. मग उरलेल्या ढलप्या रचत बसली.

हे ती माझ्यासाठी सोसतेय. एकतीस वर्षांचं नाव घालवलं तिने, माझी चार वर्षं वाचवायला. असं कुणी माझ्यासाठी कधी केलं नाही. आईने नाही, दोन्ही नवऱ्यांनी तर नाहीच. लाज वाटते, आणि त्या लाजेच्या खाली, खोटं का बोलू, बरंही वाटतं. कुणाला तरी मी एवढी हवी आहे! हे वाटणंसुद्धा लाजिरवाणंच आहे, पण वाटतंय.

बास आता. उद्या सांगते. लाल फडक्यात तंबाखूची पुरचुंडी बांधून ठेवलीय, वडीलधाऱ्यांसमोर रिकाम्या हाताने कबुली द्यायची नसते. बोलायचं काय तेही ठरवलंय. आजी, तू माझं ओझं उचललंस. आता खाली ठेव. कुऱ्हाड माझी आहे, चामडं मला नको, आणि जेवणावळीत मी सगळ्यांना सांगेन की तू थेंबालासुद्धा शिवली नव्हतीस.

पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. चांगलं वाटतंय ऐकायला.

१० सप्टेंबर, मंगळवार

उजाडताच गेले. तंबाखू पुढे केला. सगळं म्हटलं, ठरवलेलं, एक शब्द न गाळता.

आजीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ती बाटली तुझी होती होय?"

"माहीत होतं ना तुला? तळ्यात फेकलीस ना?"

"फेकली? प्यायले मी ती."

पाच तारखेला लूसिलचा वाढदिवस असतो. चोपन्नची झाली असती. सकाळीच धुराचं लाकूड चाळताना बाटली हाताला लागली होती. कुणाची, काय, काही बघितलं नाही, मोजासुद्धा नाही. परत ठेवली. दिवसभर तिथेच होती. "म्हणून तुला हाक मारली," म्हणाली. "म्हटलं, नोरीन बसेल थोडा वेळ, तर निघून जाईल ही वेळ. तू पाण्याला गेलीस."

रागाने नाही म्हणाली. साधं सांगितलं.

माझ्याकडे बघत होती ती चार दिवस, ते चहासाठी.

सगळ्या उठून आल्यावर मी कुऱ्हाड उपसली. "आज लाकडं माझ्याकडे." आणि बाकीचंही सांगितलं, मोटेलपासून बाटलीपर्यंत, आजीची हाकसुद्धा. डेल्फीनने धुराचं पोतं उचललं आणि कातड्याकडे गेली. टॅनिसने माझ्याकडे बघितलं नाही.

आता लाकडांपाशी बसलेय. कातड्याला धुरी लागलीय तिकडे. आजी येतेय. दोन कप आहेत हातात, चालताना सांडतायत.